ढोरडॉक्टरांचं परीक्षण

ढोरडॉक्टर सिनेमा बघायला बसले की माणसांच्या आधी जनावरं बघायचे. पडद्यावर नायिका गोठ्यात शिरली आणि म्हशीनं कान टवकारून मान मागे घेतली, की ते लगेच म्हणायचे, ‘ही बाई या घरची नाही. म्हैस हिला ओळखत नाही.’ मग तो सिनेमा कुठल्या का महोत्सवात गाजलेला असेना, त्यांच्या लेखी तो तिथंच आजारी पडलेला असे. बैल जुंपताना नटाचा हात कुठं पडतो, कोंबडी त्याच्या पायांतून जाते की वळसा घालते, कुत्रं शेपूट हलवतं ते नटाकडे बघून की कॅमेऱ्यामागे बिस्किट धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघून, हे सगळं त्यांना दिसायचं. आणि दर रविवारी ते नंदुरबारच्या एका साप्ताहिकात छापून यायचं. रकान्याखाली नाव नसे. सही फक्त एवढीच: ढोरडॉक्टर.

हे नाव लोकांनी दिलं होतं आणि त्यांनी ते मानानं लावून घेतलं होतं. खरं तर ते डॉक्टरही नव्हते. पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरीला लागले, पहिली पंधराएक वर्षं तोरणमाळच्या पट्ट्यात शेळ्यामेंढ्यांना लस टोचत डोंगर चढले-उतरले, आणि मग बदली होऊन खांडबाऱ्याला आले ते तिथंच निवृत्त झाले. आमचं कुटुंब मूळचं तापीकाठचं. वडील खांडबाऱ्याच्या शाळेत शिक्षक, म्हणून आम्हीही तिथले. आमच्या घरी एक म्हैस होती. ती आजारी पडली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तिला हातही न लावता बराच वेळ नुसतं तिच्यासमोर उकिडवं बसून तिच्याकडे बघितलं. माझी आई कंटाळून आत निघून गेली. मी थांबले. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, ‘काय दिसनं तुले?’ मी म्हटलं, ‘ती डाव्या बाजूला वळून वळून बघतेय.’ ‘मंग तठेच दुखी ऱ्हायनं,’ असं म्हणून ते उठले.

‘काय दिसलं?’ हा त्यांचा कायमचा प्रश्न. सिनेमा संपल्यावर ‘कसा वाटला?’ असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. वाटणं नंतर, म्हणायचे; आधी दिसायला पाहिजे.

मी नंदुरबारला कॉलेजात जायला लागले तेव्हा गाडीत त्यांचा रकाना वाचायची. एका रविवारी दुपारी धीर करून त्यांच्या घरी गेले. ओटीवर एका स्टुलावर लशी ठेवायचा थर्माकोलचा मोठा खोका आडवा ठेवला होता आणि त्याच्या आत लॅपटॉप. उजेड पडू नये म्हणून. ढोरडॉक्टर, ज्यांना मी पुढे काका म्हणायला लागले, बाकावर बसून, मान पुढे काढून त्या खोक्यात बघत होते. आवाज बंद होता. मला वाटलं बिघडलाय. ते म्हणाले, ‘बठ. आवाज दुसऱ्या खेपेला.’

प्रत्येक सिनेमा ते दोनदा बघत. पहिल्यांदा मुका, दुसऱ्यांदा बोलता. ‘आवाज असला की संगीत माझा हात धरून मला नेतं,’ ते म्हणायचे. ‘मला माझ्या पायांनी जायचंय. आणि आवाज बंद केला की नट उघडे पडतात. जो खरा असतो तो उघडा पडत नाही.’ अहिराणीत बोलणारे काका सिनेमाबद्दल बोलायला लागले की आपोआप पुस्तकी मराठीत शिरायचे, जणू काही तालुक्याला अहवाल पाठवायचाय. काकी आतून हसायच्या.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या रविवारच्या दुपारी त्या खोक्यात गेल्या. मोठ्या पडद्याच्या सिनेमांवर ते लिहीत नसत, पण त्यांना नावंही ठेवत नसत. ‘त्यांच्याकडे चूक झाकायला पुष्कळ सामान असतं. छोट्या सिनेमाकडे नसतं, म्हणून मला तो आवडतो,’ एवढंच. कुठल्या कुठल्या गावांतली पोरं-पोरी चार मित्र जमवून सिनेमे काढत होती आणि कुणाकडून तरी काकांचा नंबर मिळवून त्यांना ते बघायला पाठवत होती. सिनेमाच्या सुरुवातीला महोत्सवांची नावं झळकायला लागली की काका पडद्यासमोर तळहात धरत. नावं गेली की हात काढत.

त्या सिनेमांतला संथपणा मला तेव्हा झेपत नसे. पाच-पाच मिनिटं एकच चौकट. एकदा मी वैतागून म्हटलं, ‘काका, यात काहीच घडत नाहीये.’ ते म्हणाले, ‘अडलेल्या म्हशीजवळ मी पाच पाच तास बसलोय. तिथंही काही घडत नसतं. पण नजर हटत नाही, कारण काहीतरी येणार असतं. लांब शॉट लावायचा तर त्यात काहीतरी येणार असलं पाहिजे. या बाबाला नुसतं बसायला आवडतं.’ आणि तो सिनेमा त्यांनी बंद केला. पण दुसऱ्याच आठवड्यात विदर्भातल्या एका मुलीचा सिनेमा आला. त्यात एक बाई बराच वेळ भांडी घासते. घासता घासता ती न बघताच किंचित बाजूला सरकते, आणि त्या फटीतून तिची कोंबडी पलीकडे जाते. काकांनी ते चार वेळा मागे नेऊन बघितलं. त्या आठवड्याचा सगळा रकाना त्यांनी त्या सरकण्यावर लिहिला. ‘या बाईनं हे घर सारवलेलं आहे, अशी माझी खात्री पटली,’ असं त्यात एक वाक्य होतं. त्या मुलीनं तो रकाना फ्रेम करून घरी लावला, असं तिनं नंतर कळवलं.

गरिबी दाखवणाऱ्या सिनेमांवर त्यांचा राग होता. ‘गरिबाच्या घरात कॅमेरा शिरला की आधी भिंतीची भेग शोधतो. मला त्या घरातली नवी बादली दाखवा. ती त्यांनी बाजारातून कशी निवडून आणली असेल, ते मला बघायचंय.’ आणि डोंगरातली माणसं सिनेमात गप्प बसलेली दिसली की ते चिडायचेच. ‘हा काय प्रकार आहे? आदिवासी दाखवला की तो क्षितिजाकडे बघतो आणि बोलतच नाही! मी पंधरा वर्षं त्यांच्यात काढली. एक शेळी टोचायला गेलो तर तीन पिढ्यांचं ऐकून परत यायचो. यांना भाषा येत नाही म्हणून हे त्यांना मुकं करतात.’

अशानं माणसं दुखावत. एका दिग्दर्शकानं चिडून फोन केला, ‘तुम्ही सिनेमा बघता की गुरं?’ काका शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही दाखवली म्हणून बघितली.’ मग त्यालाच त्यांनी घरी बोलावलं. तो आला, दोन दिवस राहिला, करडू कसं उचलायचं ते शिकून गेला आणि पुढचा सिनेमा आधी काकांना दाखवायला घेऊन आला. तारे मात्र ते कुणालाच देत नसत. संपादकांनी एकदा आग्रह केला की वाचकांना पाच पैकी किती ते कळायला हवं. काका म्हणाले, ‘म्हशीला तारे देतात का? ताप आहे का, खाते का, एवढं मी सांगेन.’

मला सिनेमाच करायचाय, हे मी घरात सांगायच्या आधी त्यांना सांगितलं. ते खूश वगैरे झाले नाहीत. म्हणाले, ‘जमेल तुला. बघता येतं तुला.’ माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं. वडिलांशी तेच बोलले. वडील त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, आणि मी पुण्याला आले.

शिकून झाल्यावर मी माझा पहिला सिनेमा करायला घेतला. तोरणमाळच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर रेलीबाई राहते. तिचा नवरा ऊसतोडीला गेला आणि फडावरच ट्रॉलीखाली सापडून मेला. ती त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मागे राहिली होती. मुकादमाचा फोन आला तो वरच्या वाटेवर, रेंजमध्ये असलेल्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर. तिची गोष्ट मला काकांनीच सांगितली होती. तिच्या घरच्या शेळ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ते मला स्वतः तिच्याकडे घेऊन गेले. घाटात जीपमध्ये एका बाजूला कलून बसले होते, गुडघा दुखत होता. पाड्यावर पोचल्यावर रेलीबाईनं त्यांना बघून जी हाक मारली, ती मला अजून ऐकू येते. निघताना काका मला एवढंच म्हणाले, ‘तिला विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नको.’

मी विचारूनच काढला. दोन हिवाळे मी तिच्याकडे येऊन-जाऊन राहिले. तिची पावरी बोली थोडी शिकले; तिला फडावर ऐकून ऐकून मोडकीतोडकी मराठी येत होती. आमचं जमलं.

एका सकाळी ती अंगणात बसून आपणहून त्या फोनबद्दल बोलायला लागली. मी कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता ती रडू लागली, अगदी पोटातून. तिची एक पांढरी शेळी बाजूला चरत होती. ती चरायची थांबली, चालत आली आणि तिनं रेलीबाईच्या मांडीवर तोंड टेकलं. रेलीबाई तिच्या मानेत हात घालून रडत राहिली. मी कॅमेऱ्यामागे श्वास रोखून होते. आणि माझ्या ध्वनिमुद्रकानं हातानं खूण केली: माइक बंद पडलाय. कधीपासून कोण जाणे.

मी थांबले. तिचं रडणं सरेपर्यंत थांबले, तिला पाणी दिलं. माइक नीट झाला. मग मी म्हटलं, ‘रेलीबाई, तेच पुन्हा एकदा सांगाल का?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं, पुन्हा नीट बसली, आणि पुन्हा सगळं सांगितलं. आणि त्याच ठिकाणी पुन्हा रडली.

तो दुसरा शॉट सिनेमात आहे. आवाज सुरेख आलाय. महोत्सवांमध्ये त्या क्षणी अंधारात लोक हुंदके द्यायचे. खेळ संपल्यावर अनोळखी बायका येऊन माझे हात हातात घ्यायच्या. ते कसं टिपलं, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, ‘ती बोलायला लागली आणि कॅमेरा चालू होता.’ हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

काकांना मी सिनेमा पाठवला आणि त्यांच्या रकान्याची वाट बघत बसले. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी बाबांनी रकान्याचा फोटो काढून मला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नव्हतं.

सुरुवातीचा बराचसा भाग कौतुकाचा होता. रेलीबाईच्या घरातलं घड्याळ, तिच्या लेकीचं हसणं, पाड्यावरच्या बायकांची अखंड बडबड, सगळं त्यांनी टिपलं होतं. ‘या सिनेमात डोंगर बोलतो,’ असं लिहिलं होतं. आणि मग हे:

‘पण सगळे ज्या दृश्यापाशी रडतात, तिथं माझे डोळे कोरडे राहिले. बाई खरी आहे, तिचं दुःख खरं आहे. हे रडणं मात्र दुसरं आहे. मागे पांढरी शेळी बघा. मालकीण एवढी रडते आणि ती पाठ फिरवून रवंथ करते. हाताला एवढी सवयीची शेळी अशी वागत नाही. ती आधी एकदा येऊन गेलेली आहे. पहिलं रडणं कुठं गेलं ते दिग्दर्शिकेला ठाऊक. आवाजाशिवाय, तुटकं, कसंही असतं तरी ते इथं असायला हवं होतं. ते असतं, तर मी पाहिलेल्या सिनेमांत हा सगळ्यात मोठा ठरला असता.’

मी तो फोटो किती वेळा वाचला सांगता येत नाही. माझे कान तापले होते. मी तिथल्या तिथं फोन लावला.

‘काका, छापायच्या आधी मला फोन करायचा होता.’

‘फोन केला असता तर तू समजावलं असतंस. आणि मी समजलो असतो. मग लिहिता आलं नसतं.’

‘आपल्या माणसाबद्दल असं लिहितात का कुणी?’

‘आपल्या माणसाला सोडलं तर बाकीच्यांवर कोणत्या तोंडानं लिहू?’

‘एका शेळीवरून तुम्ही माझी दोन वर्षं…’ मी वाक्य अर्धवट टाकलं. ‘तुम्हाला सिनेमा कळतच नाही, काका. तुम्हाला फक्त ढोरं कळतात.’

 मग ते हळू, घरच्या बोलीत म्हणाले, ‘ती दुसऱ्या खेपले रडनी का नही, इतलंच सांग माले.’

मी फोन ठेवला. त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

काकांचे निरोप यायचे. दर रविवारी मोबाइलवर एखाद्या नव्या सिनेमाचं नाव आणि पुढे ‘पाहिलास?’ एवढंच. मी वाचायची आणि तसंच ठेवायची. त्यांना कळायचं मी वाचलंय ते. तरी ते पाठवत राहिले. वर्षभर. मग एका रविवारी काही आलं नाही, पुढच्याही आलं नाही. मला वाटलं, शेवटी रागावले एकदाचे. खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंसुद्धा वाटलं, की आता हिशेब सारखा झाला.

त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्या दुसऱ्या रिकाम्या रविवारनंतर दोन दिवसांनी बाबांनी कळवलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येते. पुढचा महिना चार महिन्यांनी आला.

त्या चार महिन्यांत मी एक केलं. जुनी हार्ड डिस्क काढली आणि तो पहिला शॉट शोधला. आवाज नव्हताच. त्या मुक्या चित्रात रेलीबाईचे ओठ हलत होते, खांदे हलत होते, आणि शेळी चालत येत होती. मी तो पूर्ण बघितला. मग सिनेमातला दुसरा शॉट काढला आणि तिथं हा बसवला, तसाच, आवाजाशिवाय. बाकी कशालाही हात लावला नाही. तो घेऊन मी खांडबाऱ्याला उतरले.

काकींनी दार उघडलं. ‘ये, पोरी. इतला दिन कोठे व्हती?’ असं म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता मला जवळ घेतलं. ‘त्यासले आते बोलता येत नही,’ त्यांनी माझ्या कानात सांगितलं, जणू आतल्या माणसाला ते ऐकू जाऊ नये.

काका ओटीवर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडला होता. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. मी बोलत सुटले. चुकलं म्हटलं, तुमचं खरं होतं म्हटलं, ती दुसऱ्यांदा रडली होती म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘बरं.’

हा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. आयुष्यभर नेमका शब्द शोधणाऱ्या माणसाकडे. चहा हवा का, बरं. उशी सारखी करू का, बरं. गाडी आली का, बरं. डॉक्टर म्हणाले होते की ऐकलेलं त्यांना किती समजतं हे नक्की सांगता येणार नाही. कधी समजत असेल, कधी नाही.

दुपारी मी तो थर्माकोलचा खोका माळ्यावरून काढला, पुसला, स्टुलावर ठेवला. आत लॅपटॉप लावला. काकींनी खुर्ची पुढे सरकवली. आवाज मी बंदच ठेवला. काका मान पुढे काढून बघू लागले, आणि मला क्षणभर वाटलं, सगळं पहिल्यासारखं आहे.

ते दृश्य आलं. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. रेलीबाई रडायला लागली. शेळी आली. तिनं मांडीवर तोंड टेकलं. काकांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून थोडा वर उचलला गेला, पडद्याकडे की माझ्याकडे मला कळलं नाही, आणि पुन्हा खाली आला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते झटक्यानंतर सारखंच असायचं, काकी दर थोड्या वेळानं पुसायच्या.

‘काका,’ मी विचारलं, ‘काय दिसलं?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, काहीतरी जुळवत असल्यासारखे, पुन्हा पुन्हा. मानेच्या शिरा ताणल्या. मी त्यांच्या तोंडापाशी कान नेला.

‘बरं,’ ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. सिनेमा अजून संपायचा होता. मी तो बंद केला.

त्यांना समजलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. मी स्वतःशी कितीदा तरी तो शब्द म्हणून बघितलाय. कधी त्यात समाधान ऐकू येतं, कधी फक्त थकवा.

दोन महिन्यांनी ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. डोंगरातून जीप भरून माणसं आली होती, काकी सांगत होत्या; कुणी त्यांनी टोचलेल्या बैलाची गोष्ट सांगत होतं, कुणी शेळीची. सिनेमावाला कुणी आला नव्हता. कुणाला कळवायचं हे काकींना ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं ती मी तिथं नव्हते.

दहाव्याच्या दिवशी काकींशेजारी बसले असताना मी त्यांना विचारलं, काकांनी माझ्यावर राग का धरला नाही. त्या म्हणाल्या, ‘त्यासले राग नही उना तुन्हा. तुन्हावर लिखाना पहिले त्या तोरणमाळले जाई उनात. एकला. मंग दोन दिन गुडघा धरीसन बठेल व्हतात.’ रकाना लिहायच्या आधी काका एकटे डोंगरात गेले होते. कशाला, ते त्यांनी काकींना सांगितलं नव्हतं. तीन रविवार मी वाट बघितली होती, त्यातला एक त्यांचा त्या घाटात गेला होता.

मी दुसऱ्या आठवड्यात रेलीबाईकडे गेले. तिच्या लेकीचं मूल आता अंगणात पळत होतं. रेलीबाईनं मला खाट टाकून दिली, स्वतः खाली बसली. मीही खाली बसले. काका गेल्याचं तिला माहीत होतं.  मग मी विचारलं, डॉक्टर आले होते का.

‘आला होता,’ ती म्हणाली. ‘मला विचारला, त्या पोरीनं तुला दोनदा रडवला का. मी बोलली, हो.’

‘मग?’

‘मग बोलला, तुला वाईट वाटला का. मी बोलली, नाही. पहिल्या वेळी मी माझ्या माणसासाठी रडली. दुसऱ्या वेळी तिच्यासाठी रडली. तिचं मशीन बिघडलेलं. पाहुणी होती ना घरची. रिकाम्या हातानं कशी लावायची?’

तिनं हे अगदी सहज सांगितलं. 

‘डॉक्टर लय वेळ बसला इथं,’ ती म्हणाली. ‘बोलला, हे मी पेपरात लिहिणार नाही. पोर मरून जाईल. दुसरं काहीतरी लिहीन. मी बोलली, कायपण लिही, पण तिला रागवू नको.’

म्हणजे त्यांच्या हातात हे वाक्य होतं. कोणत्याही समीक्षकानं जपून ठेवलं असतं, त्यावर अख्खा रकाना उभा केला असता, असं वाक्य. माझ्या सिनेमाबद्दल याहून खरं काही कुणी बोललेलं नाही आणि बोलणार नाही. ते त्यांनी ऐकलं, घाट उतरून घरी आणलं, आणि लिहिलं नाही. त्याऐवजी त्यांनी शेळीवर लिहिलं, जे मला फक्त चिडवणार होतं. ‘तुम्हाला फक्त ढोरं कळतात,’ असं मी म्हटलं तेव्हाही ते वाक्य त्यांच्याजवळ होतं. तेव्हाही त्यांनी ते मला ऐकवलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला, आणि मी हो म्हटलं असतं तर बहुधा तेवढ्यावरच सोडून दिलं असतं.

रेलीबाईनं निघताना मला नागलीच्या भाकरी बांधून दिल्या. पाड्यावरून वर चढून आलं की तोरणमाळच्या वाटेवर एका वळणापाशी मोबाइलला रेंज येते. मी तिथं जीप थांबवली. हे ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. मग काकींना फोन लावला.

‘मंग? भेटनी का ती?’ त्यांनी विचारलं.

‘भेटली,’ मी म्हटलं.

‘सांग माले,’ काकी म्हणाल्या. ‘मी आयकस.’

मी सगळं सांगितलं. पहिलं रडणं, दुसरं रडणं, रेलीबाई काय म्हणाली, काका काय म्हणाले. काकी मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.  मग त्या म्हणाल्या, ‘ह्ये त्यास्नी माले बी नही सांगं, पोरी.’

 फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी मी तिथंच उभी होते.